दडलेला शॉक आणि रक्तदाबाची साक्ष



'शॉक' हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. विजेच्या उघड्या तारेला हात लागला म्हणजे शॉक बसतो. परीक्षेच्या निकालात मुलाचा नंबर दिसला नाही म्हणजे घरातल्या सर्वांना शॉक बसतो. आणि अपघातात सापडलेल्या माणसाला रुग्णालयात नेले म्हणजे डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "पेशंट शॉकमध्ये आहे." ह्या तिसऱ्या शॉकचा पहिल्या दोहोंशी काही एक संबंध नाही. मनाच्या धक्क्याने माणूस घाबरतो, थरथरतो, पण त्याची मूत्रपिंडे बंद पडत नाहीत. वैद्यकातला शॉक म्हणजे शरीरातील पेशींना जितका प्राणवायू हवा तितका रक्तावाटे न पोचणे. जखमी माणसात त्याचे कारण बहुधा एकच असते, ते म्हणजे रक्तस्राव. मग ते रक्त रस्त्यावर सांडो की पोटातल्या पोटात साचो.

ही व्याख्या मी मुद्दाम अशी केली. तिच्यात रक्तदाबाचे नाव नाही. परंतु व्यवहारात आपण शॉक आणि रक्तदाब ह्यांची सांगड इतकी घट्ट घातली आहे की 'बी. पी. नॉर्मल आहे' एवढे शब्द कानावर पडले म्हणजे नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो, आणि कित्येकदा डॉक्टरांचाही. दाब पूर्ववत झाला, नाडी ठिकाणावर आली, लघवी होऊ लागली, म्हणजे जखमी माणूस सावरला काय? गेल्या तीसचाळीस वर्षांत जगभरच्या अपघात विभागांनी ह्या प्रश्नाचा जो शोध घेतला, त्याचे उत्तर 'नेहमीच नाही' असे आले. ज्या माणसाचे आकडे ठीक दिसतात पण ज्याच्या पेशी अजून उपाशी आहेत, त्याच्या अवस्थेला आपण 'दडलेला शॉक' म्हणू.

बाह्य रूप किती फसवे असते ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहा. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलाबाहेर अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन ह्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अंगरक्षकाने त्यांना मोटारीत ढकलले. गोळी लागली आहे हे खुद्द रेगन ह्यांनाही कळले नव्हते. ढकलताना बरगडी मोडली असावी असाच सर्वांचा समज झाला. त्यांच्या ओठांवर लाल फेसाळ रक्त दिसले म्हणून त्या अंगरक्षकाने मोटार व्हाइट हाउसकडे न नेता रुग्णालयाकडे वळवली. सत्तर वर्षांचा हा गृहस्थ मोटारीतून उतरून आपल्या पायांनी दारापर्यंत चालत गेला आणि आत शिरताच त्याचे गुडघे लुळे पडले. आत रक्तदाब स्टेथोस्कोपने ऐकू येईना, नाडी चाचपून घ्यावा लागला. कपडे कापून काढल्यावर डाव्या काखेखाली एक बारीकशी चीर दिसली. मोटारीवर आपटून चपटी झालेली गोळी तेथून शिरली होती. शस्त्रक्रिया संपेपर्यंत शरीरातले निम्म्याच्या आसपास रक्त गेलेले होते. म्हणजे दारापर्यंत चालत गेलेला तो माणूस सशक्त नव्हता. त्याचे शरीर शेवटची शिल्लक खर्च करून त्याला चालवीत होते.

रेगन ह्यांच्या बाबतीत निदान रुग्णालयात तरी आकडे खरे बोलले. जेथे आकडेही गप्प बसतात ती अवस्था ह्याहून कठीण. ते गप्प का बसतात हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते त्या दिवसांतला आपल्या गावचा पाणीपुरवठा डोळ्यांसमोर आणावा. जलकुंभात पाणी कमी आले म्हणजे व्हॉल्व्हमन काय करतो? टोकाच्या वस्त्यांचे व्हॉल्व्ह आवळतो. मग टाकीजवळच्या मुख्य नळावरचा काटा पाहावा तर दाब जसाच्या तसा! कचेरीत बसून तो काटा वाचणारा साहेब म्हणेल, पुरवठा सुरळीत आहे. पाण्याची खरी परिस्थिती विचारावयाची तर ती टोकाच्या वस्तीत, रिकाम्या कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायांना.

शरीरात अगदी हेच घडते. रक्त कमी पडू लागले की अॅड्रिनलीनसारखी द्रव्ये रक्तात येतात आणि दूरच्या धमन्यांची तोंडे आवळली जातात. प्रथम कातडी, मग स्नायू, मग आतडी, मूत्रपिंडे. हृदय आणि मेंदू ह्या दोन पेठांचे पाणी शेवटपर्यंत तोडले जात नाही. म्हणून जखमी माणूस फिकट पडतो, त्याचे हातपाय गार पडतात, तहान लागते. पण तो बोलतो, आपले नाव सांगतो, आणि दंडावर बांधलेला पट्टा १२० दाखवतो. दंडावरचा पट्टा हा टाकीजवळचा काटा आहे.

आता थोडे आकडे. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. शल्यवैद्यांना शिकविल्या जाणाऱ्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे त्यातले जवळजवळ तीस टक्के, म्हणजे दीड लिटर, जाईपर्यंत निरोगी तरुणाचा वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो. नाडी वाढते, वरच्या आणि खालच्या दाबांतले अंतर कमी होते, एवढेच. मांडीचे एक हाड मोडले तर दीड लिटरपर्यंत रक्त मांडीतल्या मांडीत मुरू शकते, आणि बाहेर एक थेंब दिसत नाही. कमरेची हाडे मोडली तर विचारूच नका. (कोष्टके ही शेवटी कोष्टके. प्रत्यक्षातले रोगी त्यांतल्या रकान्यांत नेमके बसत नाहीत, हेही अलीकडे दिसून आले आहे.) नाडी आणि दाब हे वेगवेगळे न वाचता त्यांचा भागाकार करावा, अशी साधी युक्ती आल्गोवर आणि बुरी ह्या दोन शल्यवैद्यांनी १९६७ साली सुचवली. नाडीला वरच्या दाबाने भागावे, उत्तर ०.५ ते ०.७ आले तर ठीक, १ च्या जवळ गेले तर सावध. नाडी ११० आणि दाब ११० हे आकडे सुटे पाहिले तर फारसे भयंकर वाटत नाहीत. भागाकार केला की खरी बाब ध्यानात येते.

रक्तदाब हे मापच मुळी फार जुने नाही. रिव्हा-रोची ह्या इटालियन वैद्याने १८९६ साली दंडाला पट्टा बांधण्याची रीत काढली आणि १९०५ साली कोरोटकॉव्ह ह्या रशियन शल्यवैद्याने तिला स्टेथोस्कोपची जोड दिली. पुढे दहाबारा वर्षांतच पहिल्या महायुद्धाने हे उपकरण जखमी सैनिकांच्या उशाशी नेले. अमेरिकेचे विख्यात शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हे १९१७ साली फ्रान्समधील आघाडीजवळच्या तंबूंत जखमींची पाहणी करीत होते. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक अशी की शॉकमधल्या सैनिकाच्या रक्तातली अल्कलीची शिल्लक घटलेली असते, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकते. आणि दाब जितका कमी तितका हा झोक अधिक. दुसरी अशी की रक्त वाहण्याचे तोंड बंद करण्यापूर्वी सलाईन देऊन दाब चढवला, तर धरून राहिलेली रक्ताची गुठळी सुटते आणि उरलेसुरले रक्तही वाहून जाते. ही दुसरी गोष्ट जगाने बराच काळ विसरून टाकली आणि मग मोठी किंमत देऊन पुन्हा शिकली.

पहिल्या गोष्टीचा मोह कॅननना पडला. आम्ल वाढले आहे ना, मग सोडा द्या! सोड्याने आकडा सुधारे, पण शॉकवर तो इलाज ठरला नाही. १९३० साली आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की इजा झालेल्या भागात रक्त आणि रक्तद्रव साचून अभिसरणातून नाहीसे होतात, हेच ह्या शॉकचे मूळ आहे. आम्ल ही त्या घराच्या धुराड्यातून निघणारा धूर होती. आग वेगळीच होती. मात्र धूर पाहून आग ओळखता येते, ही कॅननची शिकवण खरी ठरली.

हे आम्ल येते कोठून? पेशी साखर जाळून शक्ती मिळवते. प्राणवायू भरपूर असेल तर ती साखर पुरती जळते. प्राणवायू तुटला की पेशी अर्धेच काम करून थांबते, थोड्याशा शक्तीवर गुजराण करते आणि जे उरते त्याचे लॅक्टेट होते. लॅक्टेट म्हणजे आपल्या परिचयाच्या दुग्धाम्लाचे भावंड. दही ज्याने आंबट होते तेच हे आम्ल; शेले ह्या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते नासलेल्या दुधातून वेगळे काढले. मरण पावलेल्या रोग्यांच्या रक्तात ते १८४३ साली सापडले. स्वतः लॅक्टेट हे विष नव्हे. हृदय तर ते इंधन म्हणून आवडीने वापरते. धावण्याच्या शर्यतीनंतर तुमच्याआमच्या रक्तातही ते वाढते आणि थोड्या विश्रांतीने उतरते. जखमी माणसात ते वाढलेलेच राहिले तर ती सावकाराच्या वहीतली नोंद समजावी. पेशींनी प्राणवायू उधार घेतला आहे आणि तो अद्याप फिटलेला नाही.

ही वही दोन प्रकारे वाचता येते. एक, रक्तातले लॅक्टेट सरळ मोजणे. लिटरला २ मिलिमोलपर्यंत ते साधारण ठीक मानतात. दुसरी रीत, धमनीतले थोडे रक्त घेऊन त्यात अल्कलीची तूट किती आहे हे काढणे. रुग्णालयात तिला 'बेस डेफिसिट' म्हणतात. ही तूट ६ किंवा त्याहून अधिक असेल तर दाब कितीही उत्तम असो, आत कोठेतरी रक्त जात आहे असे धरून चालावे. दोन्ही तपासण्या एकाच यंत्रावर काही मिनिटांत होऊ शकतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात काम करणाऱ्या काही शल्यवैद्यांनी, ज्यांना अनेक ठिकाणी जबर मार लागला होता अशा ७६ रोग्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विचारले एवढेच की लॅक्टेट २ च्या आत येण्यास किती वेळ लागला? चोवीस तासांच्या आत ज्यांचे उतरले असे २७ जण होते. ते सर्वच्या सर्व जगले. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ज्यांचे उतरले त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश जगले. अठ्ठेचाळीस तास उलटूनही ज्यांचे उतरले नाही असे २२ जण होते. त्यांतले अवघे तिघे वाचले. पुढे १९९९ साली व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यांनी, ज्यांचे दाब-नाडी वगैरे सर्व ठीक आहे पण लॅक्टेट चढलेले आहे, असेच रोगी निवडून पाहिले. ज्यांचा हा दडलेला शॉक चोवीस तासांत दुरुस्त झाला त्यांची प्रकृती पुढे चांगली राहिली. ज्यांचा रेंगाळला त्यांच्यात पुढे जंतुसंसर्ग, अवयव निकामी होणे आणि मृत्यू अधिक. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला इंग्रजीत सोन्याचा तास म्हणतात, हे आपण ऐकले असेल. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्या आली. व्हर्जिनियाच्या वैद्यांनी त्याला जोडून 'चांदीचा दिवस' असा शब्द वापरला. मला तो फार समर्पक वाटतो. पहिल्या तासात माणूस मरणाच्या दारातून ओढून आणला जातो. तो दारातच घुटमळतो आहे की घरात आला, हे त्या दिवसात ठरते.

पहिल्या दिवशी उपाशी राहिलेली आतडी आणि मूत्रपिंडे लगेच तक्रार करीत नाहीत. पाचव्या-सहाव्या दिवशी लघवी कमी होते, कावीळ दिसते, श्वास लागतो, ताप चढतो. "शस्त्रक्रिया तर उत्तम झाली होती, मग असे कसे झाले?" असे नातेवाईक विचारतात. पुष्कळदा ह्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या रात्रीच्या लॅक्टेटच्या कागदावर असते.

तर मग लॅक्टेट उतरेपर्यंत सलाईन ओतीत राहावे, हे झाले उत्तर? येथे मात्र थांबावयास हवे. वैद्यक ह्या वळणावर चांगलेच ठेचाळलेले आहे. लॉस एंजेलिसचे डॉ. शूमेकर ह्यांनी असे मांडले होते की जगणाऱ्या रोग्यांचे शरीर नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू खेळवते, म्हणून सर्वांनाच त्या पातळीला नेऊन पोचवावे. १९८८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले निकाल आकर्षक होते. पण पुढच्या प्रयोगांत तसा लाभ दिसेना. औषधांनी हृदयाला चाबूक मारून ही पातळी गाठण्याच्या प्रयत्नात १९९४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात मृत्यू उलट वाढले. आणि ती गाठण्यासाठी ओतलेल्या लिटरच्या लिटर सलाईनने आतडी सुजून पोट इतके ताठरले, की त्या दाबानेच मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा बंद पडू लागला. उपायच रोग झाला.

ह्यूस्टन शहरात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, छातीपोटात गोळी किंवा सुरा लागून रक्तदाब उतरलेले ५९८ रोगी होते. काहींना वाटेतच सलाईन सुरू केले, काहींना शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचेपर्यंत दिले नाही. पहिल्यांतले ६२ टक्के जगले, दुसऱ्यांतले ७० टक्के. फुटलेला नळ तसाच ठेवून टाकी भरण्यात अर्थ नाही, हे कॅननने शहात्तर वर्षांपूर्वी सांगितलेले पुन्हा एकदा ऐकावे लागले. डोक्याला मार असेल तर मात्र दाब उतरू देणे मेंदूला घातक. तेथे हा हिशेब लागू नाही. आजची रीत अशी की रक्तस्रावाचे तोंड आधी बंद करा, आणि गेले आहे रक्त तर रक्तच द्या. लाल पेशी, रक्तद्रव आणि प्लेटलेट जवळजवळ सारख्या प्रमाणात. मिठाच्या पाण्यात प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नाही. शिवाय ते फार दिले तर त्यातल्या क्लोराइडनेच अल्कलीची तूट वाढलेली दिसते, आणि वही वाचणारा फसतो.

लॅक्टेटची साक्षही डोळे मिटून मानण्यासारखी नाही. दारू, फिट, यकृताचा आजार, मधुमेहातले मेटफॉर्मिन, इतकेच काय पण नुसते अॅड्रिनलीन, ह्यांनीही ते चढते. म्हणून एका आकड्यावर निर्णय करू नये. दोनचार तासांनी पुन्हा मोजून ते कोणत्या दिशेने चालले आहे हे पाहावे. उतरत असेल तर वाट बरोबर आहे. उतरत नसेल तर औषध वाढवण्याआधी विचारावे, रक्त अजून कोठे जात आहे? छातीत? पोटात? कमरेच्या हाडांमागे? माझ्या मते लॅक्टेटचा खरा उपयोग हाच आहे. ते उपाय सांगत नाही, पुन्हा शोध घ्या म्हणते.

ज्या गावी हे यंत्र नाही तेथे काय करावे, असा प्रश्न आपल्यापैकी कोणी नक्की विचारील. लघवी मोजावी, मोठ्या माणसाला तासाला दर किलो वजनामागे अर्धा मिलिलिटर झाली पाहिजे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस. आणि बोट दाबून पाहावे. बोटाचे टोक दहा सेकंद दाबून पांढरे करावे आणि सोडावे. तीन सेकंदांत गुलाबी झाले नाही तर टोकाच्या वस्तीला पाणी पोचलेले नाही. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत ४२४ रोग्यांवर ही बोटाची परीक्षा आणि लॅक्टेट ह्यांची तुलना करण्यात आली. तिचा निकाल २०१९ साली आला. एका गटाचे उपचार बोट पाहून ठरवले, दुसऱ्याचे लॅक्टेट पाहून. बोटाच्या गटात जवळजवळ ३५ टक्के दगावले, लॅक्टेटच्या गटात ४३. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही आणि ते रोगी जखमी नव्हते, जंतुदोषाने शॉकमध्ये गेलेले होते, हे खरे. तथापि बोट यंत्रापेक्षा वाईट ठरले नाही, ही गोष्ट लहान गावच्या डॉक्टरने जपून ठेवण्यासारखी आहे. फक्त थंडीने गारठलेल्या माणसात ही परीक्षा फसते.

म्हाताऱ्या माणसांबद्दल थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण दडलेला शॉक सर्वांत जास्त दडतो तो त्यांच्यात. ज्या आजोबांचा नेहमीचा रक्तदाब १६० आहे त्यांच्या दृष्टीने ११० हा आकडा नॉर्मल नव्हे. तो कोसळलेला दाब आहे. त्यांना हृदयविकारासाठी 'बीटा ब्लॉकर' जातीच्या गोळ्या चालू असतील तर रक्त जाऊनही नाडी ऐंशीच्या वर चढणार नाही. धोक्याची घंटाच बांधून ठेवलेली असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर किरकोळ पडण्यानेही स्राव थांबत नाही. अशा वेळी अपघात विभागातल्या डॉक्टरला घरच्या माणसांवाचून कोण सांगणार? म्हणून १०८ ची गाडी आली म्हणजे आजोबांच्या औषधांची पिशवी त्यांच्याबरोबर गाडीत टाकावी. अपघात किती वाजता झाला हे लक्षात ठेवून सांगावे. रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे औषध तीन तासांच्या आत दिले तरच हितकारक ठरते. १०८ ची गाडी नेहमी बी. पी. किती आहे हे सांगेल, तो १६० वरून ११० वर आला आहे हे मात्र आजोबांच्या घरच्यांनाच सांगावे लागेल. आणि रात्री अकरा वाजता "आता बरे वाटते, घरी सोडा" असे आजोबा म्हणू लागले तर सही करून त्यांना नेण्याच्या भरीस पडण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे, की लॅक्टेट किंवा बेस डेफिसिट एकदा पाहिले होते काय, आणि दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा ते उतरले होते काय.